बारीक माणसांची चरबी

आमच्या घराण्यात लठ्ठ माणूस शोधून सापडायचा नाही. केळवे-माहीमकडच्या वाडीत आणि भातशेतीत राबलेली माणसं, सगळी काटकुळी. तरीही बाबांच्या पिढीत सात भावंडांपैकी चौघांना मधुमेह झाला आणि दोन काका साठीच्या आत गेले. थोरले काका बोईसरला एमआयडीसीत नोकरीला होते. दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हायची, वजनकाट्यावर उभं करायचे आणि 'फिट' असा शेरा मिळायचा. पायाची जखम भरेना तेव्हा साखर कळली. त्यावर घरातलं ठरलेलं वाक्य होतं, "एवढा बारीक माणूस, त्याला साखर होईलच कशी? टेन्शन घेतलं असणार."

मंडळी, नेमका हाच प्रश्न पुण्यातल्या एका डॉक्टरांना पडला आणि त्यांनी चाळीसेक वर्षं त्याची पाठ सोडली नाही. गेले काही महिने मी त्याबद्दल मिळेल ते वाचतोय. लेख जरा लांबणार आहे. नातेवाईकांनी तरी शेवटपर्यंत वाचावा, बाकीच्यांची मर्जी!

डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले. इंग्लंडमध्ये शिकून ते परत आले, ते तिथलं पुस्तकी चित्र डोक्यात घेऊन: मधुमेही म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, चांगला जाडजूड माणूस. पुण्यात समोर येणारे रुग्ण मात्र वयानं बरेच लहान आणि वजनाच्या तक्त्याप्रमाणे अगदी 'नॉर्मल'.

आता हा तक्ता म्हणजे काय, तर बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटलेनं काढलं. तो होता खगोलशास्त्रज्ञ आणि आकडेवारीतला माणूस, डॉक्टर नव्हेच! 'बीएमआय' हे नावही १९७२ साली मिळालं. त्यात माणसाचं वजन कळतं, पण त्या वजनात हाड किती, स्नायू किती आणि चरबी किती, याचा पत्ता लागत नाही.

ही गोष्ट डॉ. याज्ञिकांनी फार मजेशीर पद्धतीनं जगाला दाखवली. २००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात त्यांनी लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांच्याबरोबर एक छोटासा लेख लिहिला. सोबत दोघांचा शेजारीशेजारी फोटो. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. यंत्रावर चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन पळणारे गृहस्थ. याज्ञिकांनी स्वतःबद्दल लिहिलं की आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं. शिवाय आपलं जन्माचं वजन कमी होतं, हेही त्यांनी नमूद केलं. स्वतःलाच नमुना म्हणून उभं करणारा शास्त्रज्ञ मला फार आवडतो. असो.

पण चरबी जास्त असली तर बिघडलं कुठे? बरीच वर्षं डॉक्टरमंडळी चरबीला निव्वळ कोठार समजत होती, कणगीत भात भरून ठेवावं तसं. १९९३ साली अमेरिकेत हॉटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांच्या गटाला दिसलं की लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ नावाचा पदार्थ बाहेर पडतो आणि तो इन्सुलिनच्या कामात खोडा घालतो. हा टीएनएफ म्हणजे दाहाचा निरोप्या. जखम झाली की जागा लाल होते, सुजते, ठणकते, तो दाह. तो कामाचा असतो आणि काम झालं की शमतो. चरबीतला दाह ठणकत नाही आणि शमतही नाही, चुलीतल्या राखेखाली निखारा धुमसत राहावा तसा. २००३ मध्ये कळलं की लठ्ठ शरीराच्या चरबीत भक्षक पेशी, म्हणजे आपल्या रक्षणासाठी असलेल्या पेशी, मोठ्या संख्येनं तळ ठोकून बसलेल्या असतात.

वर आलेल्या युडकिन यांचा या कथेत आणखी एक वाटा आहे. १९९९ साली त्यांनी दाखवलं की वरकरणी निरोगी माणसांतही चरबी जास्त असेल तर रक्तातलं सीआरपी जास्त सापडतं. सीआरपी आता कोणाला समजावून सांगायला नको, २०२० च्या कोविडात घराघरांत त्याचे रिपोर्ट फिरत होते. पुढे याज्ञिकांच्या गटानं गावातले, पुण्याच्या झोपडपट्टीतले आणि पुण्यातले मध्यमवर्गीय असे पुरुष तपासले. २००८ साली ते छापून आलं. गावाकडून शहरी मध्यमवर्गाकडे जाताना चरबी वाढलेली आणि दाहाच्या खुणाही वाढलेल्या.

मग या सगळ्यात जीन्स कुठे आले? आमच्याकडे लग्नकार्यात हे हमखास ऐकू येतं, "आपल्या रक्तातच आहे."

जीन्सचा शोध उंदरापासून सुरू झाला. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत १९४९ साली योगायोगानं एक अतिलठ्ठ उंदीर सापडला. त्याच्यातला बिघडलेला जीन हाती यायला १९९४ उजाडलं. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला कळलं की तो जीन लेप्टिन नावाचं संप्रेरक बनवतो. चरबीच मेंदूला सांगत असते, 'आता पुरे'. सगळ्यांना वाटलं, झालं, औषध सापडलं! पण ज्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नाही अशी माणसं जगात अगदी विरळा. बाकी लठ्ठ माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदू ऐकत नाही.

२००७ साली एफटीओ हा जीन गाजला. युरोपातल्या हजारो लोकांच्या तपासणीत त्याचा एक प्रकार वजनाशी जोडलेला निघाला. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून तो प्रकार मिळालेल्या माणसाचं वजन सरासरी ३ किलो जास्त. एवढा गाजावाजा आणि शेवटी ३ किलो!

आपल्यासाठी महत्त्वाचं घडलं ते २००९ मध्ये. पुण्याचे याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीतले शास्त्रज्ञ यांनी पुण्याच्या लोकांत हाच जीन तपासला. युरोपीय लोकांत एफटीओमुळे मधुमेह वाढतो तो वजनामार्फत. वजनाचा हिशेब वजा केला की संबंध उरत नाही. पुण्यात वजनाचा हिशेब वजा केल्यावरही संबंध शिल्लक राहिला. म्हणजे आपल्याकडे हा जीन वजन न वाढवताही काहीतरी उद्योग करत असावा. हे वाचलं तेव्हा मला थोरले काका आठवले. काटा त्यांच्याबद्दल काय सांगणार होता?

तरी सगळा भार जीन्सवर टाकणं मला पटत नाही. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये मांडलं होतं की दुष्काळ सोसलेल्या पूर्वजांमुळे आपल्यात चरबी साठवणारे 'काटकसरी' जीन्स आले. ऐकायला छान वाटतं. पण जीन्स पन्नास वर्षांत बदलत नाहीत, बोईसर मात्र बदललं. १९६९ मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी आली. भाताच्या चिखलात उभ्या माणसाचा मुलगा शिफ्टमध्ये पॅनेलसमोर खुर्चीत बसला, रात्रपाळीत चहा आणि वडापाव खाऊ लागला. काकांचं हेच झालं.

१९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर या इंग्रज शास्त्रज्ञांनी दुसरी बाजू मांडली, की काटकसर आईच्या पोटातच शिकली जाते. त्याच सुमारास आपल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला आदिवासी मुलं कुपोषणानं दगावली. पालघर जिल्हा तेव्हा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. आणि १९९३ मध्ये याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भार होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवायला घेतली. या बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. बाळं साधारण २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, पण पाठीवरची चरबी जवळपास तेवढीच! नाळेच्या रक्तात लेप्टिन इंग्लंडच्या बाळांच्या तोडीचं आणि इन्सुलिन त्यांच्याहून जास्त. जन्मतःच बारीक आणि चरबीयुक्त.

आमची आजी सात बाळंतपणांत कधी पोटभर जेवली असेल असं वाटत नाही. सगळ्यांना वाढून उरेल ते तिचं ताट. काकांचं दुखणं कदाचित तिथे सुरू झालं असेल, एमआयडीसीच्या कितीतरी आधी. आणि जव्हार-मोखाड्याच्या ज्या लेकी आज बोईसर-पालघरला कामाला उतरतात, त्यांच्या मुलांचं पुढे काय, हा विचार पाठ सोडत नाही. एकाच जिल्ह्यात डोंगराला उपासमार आणि किनाऱ्याला मधुमेह, असं आपण दोन वेगळ्या खात्यांचं काम समजतो. मला ते एकाच घरातल्या दोन पिढ्यांचं वाटतं.

त्या सहा गावांतली बाळं १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. जवळपास निम्मी अजूनही कमी वजनाची. आणि मुलांपैकी ३७ टक्के, मुलींपैकी १८ टक्के यांची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. २०१२ पासून त्याच तरुण पिढीला बी-१२ सारखी जीवनसत्त्वं लग्नाआधीच देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला, पुढची बाळं वेगळी निपजतात का हे बघायला.

नातेवाईकांसाठी थोडं व्यवहाराचं. भारतीयांसाठी २००९ मध्ये ठरलेल्या मापांप्रमाणे बीएमआय २३ पासूनच सावध व्हायचं, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. दिवाळीला सगळे जमू तेव्हा मी शिंप्याची टेप घेऊन येणार आहे. धाकट्या काकूंनी आत्तापासून श्वास आत ओढायची प्रॅक्टिस करू नये!