तेरचा त्रिविक्रम आणि परग्रहावरचा पाहुणा

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. त्रिविक्रम म्हणजे एका पावलात आकाश व्यापणारा विष्णू. या कल्पनेत आकाश मोजले जाते ते मालकीसाठी. बटूच्या रूपाने आलेला परका तीन पावले भूमी मागतो आणि यजमान बळीलाच पाताळात धाडतो.

जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) हा वामन आक्रमक म्हणून वाचला. बलिप्रतिपदेला मराठी घरांतून आजही बळीचेच राज्य मागितले जाते. एच. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये (१८९८) मंगळवासी पृथ्वी बळकावू पाहतात, तेव्हा जगभर वसाहती करणारे इंग्लंडच बळीच्या जागी येते. जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला' या विज्ञानकादंबरीत एका बुद्धिमान यंत्राला वामनाचे नाव दिले. लहानसा पाहुणा उद्या सर्व व्यापील, ही जुनी धास्ती त्या नावाबरोबरच येते.

म्हणून अशा कथा शिकवताना परग्रहवासी कसा दिसतो, याआधी कथाकार वामनाच्या बाजूने बोलतो की बळीच्या, हे विचारावे, असे आम्हांस वाटते.