मूत्रवाहिनीची मनधरणी

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत येणारी मूत्रवाहिनी 25 ते 30 सेंटीमीटर लांब असते, पण आतून जेमतेम 3-4 मिलिमीटर रुंद. मुतखडा अडकतो तो बहुतेकदा याच नळीत, आणि तो फोडायला दुर्बीण सारायची तीही याच नळीतून.

1912 साली बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्प्टन यंग यांनी एका लहान मुलाच्या मूत्रवाहिनीतून दुर्बीण थेट मूत्रपिंडापर्यंत नेली. जन्मजात अडथळ्यामुळे त्या मुलाची नळी फुगून रुंद झाली होती, म्हणून हे साधलं. सर्वसाधारण नळीत शिरायला नंतर कित्येक दशकं गेली. 1980च्या सुमारास माद्रिदच्या पेरेझ-कास्त्रो यांनी खास या कामासाठी लांब, ताठ दुर्बीण वापरात आणली. त्याआधीच, 1974 साली, जपानमध्ये ताकायासू आणि आसो यांनी लवचीक दुर्बिणीला वाट दाखवणारी पोकळ नळी तयार केली होती.

आज अशा पोकळ नळीला 'अ‍ॅक्सेस शीथ' म्हणतात. ती एकदा बसली की दुर्बीण कितीही वेळा आत-बाहेर करता येते, खड्याचे तुकडे काढता येतात, मूत्रपिंडातला पाण्याचा दाब कमी राहतो. पण नेहमीच्या मापाची शीथ बाहेरून साडेचार मिलिमीटरहून जाड, म्हणजे वाटेपेक्षा वाटसरूच मोठा! सर्जन आधी आत सोडलेल्या बारीक तारेवरून ती पुढे सारतो, एक्स-रेच्या पडद्यावर नजर ठेवतो, आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथे हाताला अडकल्यासारखं लागतं. तिथे किती जोर लावायचा, हे वर्षानुवर्षं ज्याच्या त्याच्या हातावर सोडलेलं होतं.

त्याचा हिशेब 2013 साली पुढे आला. पॅरिसचे ऑलिव्हिये ट्रॅक्सर आणि त्यांचे सहकारी थॉमस यांनी 359 रुग्णांमध्ये शीथ काढताना नळीची भिंत बारकाईने पाहिली. 46.5 टक्के रुग्णांमध्ये इजा दिसली, 13.3 टक्क्यांमध्ये ती स्नायूच्या थरापर्यंत गेली होती. आधी डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत तात्पुरती ठेवायची बारीक नळी, टाकून वाट सैल केलेल्यांमध्ये गंभीर इजा फारच कमी होती. मात्र स्टेंट म्हणजे आणखी एक प्रक्रिया, शिवाय लघवीची जळजळ आणि सतत लागलेली घाई.

मग नजर गोळीकडे वळली. टॅमसुलोसिन आणि सिलोडोसिन ही दोन्ही औषधं जपानमध्येच तयार झाली, तीही प्रोस्टेटच्या त्रासासाठी. ही औषधं प्रोस्टेटच्या स्नायूंतले अल्फा ग्राहक अडवतात, आणि मूत्रवाहिनीच्या स्नायूंतही तेच ग्राहक असतात. ते अडवले की स्नायू सैलावतो. खडा आपोआप पडावा म्हणूनही ही औषधं सर्रास दिली गेली. 2015 साली ब्रिटनमधल्या हजाराहून अधिक रुग्णांच्या चाचणीत टॅमसुलोसिनचा तसा फायदा दिसला नाही. पण स्नायू सैलावण्याचा तोच गुण शस्त्रक्रियेआधी उपयोगी पडेल का, हा प्रश्न उरलाच होता.

2018 साली दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी शीथ सारताना लागणारा जोर चक्क मोजला. आधी सिलोडोसिन दिलेल्यांमध्ये मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथे कमी जोर लागला, जवळपास स्टेंट असलेल्यांइतकाच. 600 ग्रॅमच्या आत राहिलं तर गंभीर इजा टळते, असंही त्यांना आढळलं. हाताच्या अंदाजाला आकडा मिळाला, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट.

आता बरेच यूरॉलॉजिस्ट शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी ही गोळी सुरू करतात. तिने चक्कर येऊ शकते, पुरुषांमध्ये वीर्यस्खलनात बदल होतो, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना तसं सांगावं लागतं. गोळी घेऊनही शीथ अडलीच तर जोर न लावता स्टेंट टाकून थांबायचं आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा यायचं, ही रीत कायम आहे.