पाळ कोणाची? मातीचे खासगी बांध आणि त्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास

आज आपण सिंदखेडराजापासून सुरुवात करू. जिजाऊंचं जन्मस्थान म्हणून आपण तिथे जातो, राजवाडा पाहतो, लखुजीराजांची समाधी पाहतो. मोती तलाव मात्र बरेच जण गाडीतूनच पाहून पुढे जातात. जाधवांच्या काळातलं हे काम. पाणी अडवायचं आणि ते गावाला, शेतीला पुरवायचं, हा त्यामागचा हेतू. जहागीरदार म्हणजे आजच्या अर्थानं खासगी मालक नव्हे, हे खरं. पण तेव्हा पाटबंधारे खातं नव्हतं, अभियंता नव्हता, तपासणीचा नमुना नव्हता. मग मृगाच्या आधी बांधावर फेरी मारून कुठे भेग पडली, कुठे दगड सरकला, हे बघायचं कोणी? ज्यानं बांधला त्यानं, किंवा त्याच्या माणसांनी. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: बांध बघायची जबाबदारी कोणाची होती, आणि ती कुठे कुठे हातातून निसटली.

आधी मातीचा बांध म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ. मधे चिकणमातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. बाहेरून मुरमाचं आवरण असतं, ते गाभ्याला आधार देतं आणि वाळू देत नाही. हे आवरण आपल्याकडे फार महत्त्वाचं, कारण बुलढाण्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग असतं. आणि एका टोकाला सांडवा असतो. मातीचा बांध पाण्याचा दाब सोसतो, पण माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. पाणी वरून गेलं की माती वाहून जाते आणि काही तासांत भगदाड पडतं. दुसरा धोका आतला. उंदीर-खेकड्यांची बिळं, झाडांची कुजलेली मुळं, नीट न दाबलेली माती, यांतून पाणी वाट काढतं. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ आलं तर माती आतून वाहतेय असं समजायचं आणि खालच्या वस्तीला उठवायचं. हे कळायला पदवी लागत नाही. पण कोणीतरी तिथे जाऊन बघावं लागतं.

आता मालकीकडे येऊ. विदर्भात याच्या दोन वेगळ्या कहाण्या आहेत. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो तलाव आहेत. कोहळी समाजानं ते बांधण्यात मोठं कौशल्य मिळवलं होतं. इंग्रजी अमलात हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे मानले गेले. मालक एक, पण पाणी गावाचं. पाणी कसं वाटायचं, पाळ कोणी दुरुस्त करायची, याचे रिवाज गावाच्या 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये नोंदलेले असत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालगुजारी जाणं न्यायाचंच होतं, त्यात शंका नाही. पण पाळीवर माती टाकायला गाव ज्या रिवाजानं जमायचं, तो रिवाज कागदावरून दुसऱ्या कागदावर गेला नाही.

पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या वऱ्हाडात, गोष्ट वेगळी. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं आणि इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली. शेताचा सारा रयत थेट सरकारला भरणार. मधे मालगुजार नाही, म्हणून त्या पद्धतीचे मालगुजारी तलावही नाहीत. आपल्याकडे विहीर आणि शेताचा धुरा. पुढे १९७२ च्या दुष्काळानं पाझर तलावांच्या कामांना जोर आला, ती सरकारी कामं. आणि अलीकडे शेततळं आलं, ते पुन्हा एकेका शेतकऱ्याचं. म्हणजे बुलढाण्यात अडवलेल्या पाण्याचा खासगी मालक आज पूर्वीपेक्षा जास्त संख्येनं उभा आहे.

या मालकाची जबाबदारी किती? हा प्रश्न आपल्या देशात दीडशे वर्षांपूर्वी कोर्टात गेला होता. आजच्या आंध्रातल्या कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि मद्रास रेल्वेचं नुकसान झालं. तेव्हा इंग्लंडमध्ये १८६८ चा 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' हा निकाल ताजा होता. आपल्या जमिनीवर साठवलेलं पाणी निसटलं तर चूक असो वा नसो, भरपाई मालकानं द्यायची, असा तो नियम. रेल्वेनं तोच मागितला. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तो नाकारला. हे तलाव जमीनदाराची चैन नव्हे, म्हणाले. लोकांचं जगणं त्यांवर आहे आणि ते राखणं हे पूर्वापार रिवाजानं त्याचं कर्तव्यच आहे. म्हणून हलगर्जी सिद्ध झाली तरच तो जबाबदार. या निकालात मालकाला सूट दिसते. पण नीट वाचा. ज्यानं तलाव राखला, त्यालाच ही सूट आहे.

न राखणाऱ्याचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. पेनसिल्व्हेनियातलं साउथ फोर्क हे मातीचं धरण पिट्सबर्गच्या धनिकांच्या क्लबनं मासेमारी आणि सहलीसाठी घेतलं. तळाचे नळ आधीच्या मालकानं काढून विकले होते, ते पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा खाली केला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला पाणी माथ्यावरून गेलं. खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसं मेली. क्लबकडून कोर्टात कोणालाही भरपाई मिळवता आली नाही.

दुसरा प्रसंग वेल्समधला. २ नोव्हेंबर १९२५ च्या रात्री डॉलगॅरोग गावाच्या वर एका अॅल्युमिनियम कंपनीचं धरण पायातून फुटलं. त्याचं पाणी खालच्या मातीच्या धरणावर आलं, तेही गेलं, आणि गावातले १६ जण दगावले. आपल्याकडे एकाच नाल्यावर ओळीनं बांध असतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. त्यानंतर ब्रिटननं १९३० चा कायदा केला. मालक कोणीही असो, जमिनीच्या पातळीच्या वर ५० लाख गॅलनपेक्षा जास्त पाणी साठवत असाल, तर नेमलेल्या यादीतल्या अभियंत्याकडून ठरावीक मुदतीत तपासणी करून घ्या. १९७५ च्या कायद्यात ही मर्यादा २५,००० घनमीटर झाली, आणि वेल्समध्ये २०१६ पासून १०,०००.

आता आपण कुठे आहोत ते पाहू. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमध्ये मच्छू धरण फुटून मोरबीत हजारो लोक गेले. १९८० मध्ये महाराष्ट्रानं नाशिकला धरण सुरक्षितता संघटना उभी केली. देशाचा धरण सुरक्षा कायदा मात्र २०२१ चा. त्यात मालकाच्या व्याख्येत सरकारबरोबर कंपन्याही येतात. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, नोंदवही, आपत्कालीन आराखडा, आणि कसूर झाल्यास तुरुंगवासही. चांगला कायदा आहे. पण तो कोणत्या धरणांना लागू? १५ मीटरपेक्षा उंच. १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर, जसं की लांबी निदान ५०० मीटर, किंवा साठा निदान १ दलघमी, म्हणजे १० लाख घनमीटर. आणि १० मीटरच्या खाली? तिथे या कायद्यातली ही तपासणीची सक्ती लागू नाही.

घाटावर सिंदखेडराजा, देऊळगाव राजा, चिखली, मेहकर, लोणार या भागात फिरा. नाल्यावरचे बंधारे, पाझर तलाव, शेततळी मोजत चला. किती कायद्याच्या मापात बसतील? ब्रिटनमध्ये १०,००० किंवा २५,००० घनमीटरला अभियंता येतो. आपल्याकडे ९ मीटर उंचीच्या बांधामागे त्याच्या कितीतरी पट पाणी असलं तरी या कायद्यानं तपासणी सक्तीची होत नाही.

कोणी म्हणेल, लहान बांधानं काय होणार? शेततळ्याचं पाणी तीसेक मीटर लांबी-रुंदीचं, हे खरं. तिथला मोठा धोका फुटण्याचा नाही, प्लास्टिकच्या निसरड्या अस्तरावरून मूल आत गेलं तर त्याला वर येता येत नाही, हा आहे. त्यावर उपाय कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर. पण नाल्यावरचा बांध वेगळा. जुलै २०२३ मध्ये घाटाखाली जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीनं काय झालं, ते आपण पाहिलं आहे. तसा पाऊस बांधाच्या वरच्या अंगाला पडला तर सांडवा मोकळा आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

आणखी एक. बुलढाणा जिल्हा तलावांतला गाळ काढण्यासाठी देशभर गाजला. गाळ-मुरूम महामार्गाला गेला, तलाव खोल झाले. काम मोलाचं आहे. पण पोकलेन बांधाच्या पायथ्याशी गेला तर साठा वाढतो आणि आधार कमी होतो. बांधापासून अंतर सोडूनच खोदायचं, हे तिथे उभं राहून सांगणारा माणूस हवा.

सरकारी मालकीनं हे आपोआप होत नाही, हे तिवऱ्यानं दाखवलं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर दोष खेकड्यांवर ठेवला गेला. खेकडे बीळ करतातच. ते बघून बुजवणं हे माणसाचं काम.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. दहा मीटरच्या खालच्या बांधांसाठी राज्यानं साधा नियम करावा: उंचीबरोबर साठा आणि खालची वस्ती मोजावी, ग्रामपंचायतीत नोंद असावी, मे महिन्यात एक फेरी व्हावी. एकट्या शेतकऱ्यावर अभियंत्याचा खर्च टाकू नये, तो खर्च सरकारनं सोसावा. पण नियम येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तुमच्या शिवारात बांध असेल, तर या उन्हाळ्यात सांडव्यातली झुडपं काढा, पाळीवरची बाभूळ लहान असतानाच उपटा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पायथ्याशी जाऊन पाणी स्वच्छ येतंय की गढूळ, ते बघून या.

आता प्रश्न घेऊ.