वाळवणाची पुण्याई

परवा लोणखेड्यात सुनेनं अर्ध्या तासात चिकन पास्ता केला. लसणीवर परतलेली कोंबडी, वर दुधाची साय. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "हे विलायती खाणं तुमच्या घरात?"

मंडळी, पास्ता शेवयांच्याच कुळातला. ११५४ मध्ये अल-इद्रिसी या भूगोलकारानं नोंदवलं, की सिसिलीतल्या त्राबिया गावी 'इत्रिया' म्हणजे पिठाच्या शेवया होत आणि गलबतं भरून मुसलमान-ख्रिस्ती मुलखांत जात. वाळलेली शेवई टिकते, म्हणूनच प्रवास करते.

आपल्या खानदेशातही बायका उन्हाळ्यात खाटेवर लुगडं अंथरून शेवया वाळवतात. त्याच ईदला शिरखुर्म्यात, त्याच पाहुण्याला गूळ-दुधात. झटपट जेवणामागे कुणीतरी उन्हात काढलेला दिवस असतो.

मावशींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.