घरची वीज आणि विजेची मोटार

विजेवर चालणारी मोटार ही आजच्याच काळाची निर्मिति होय, असा समज सुशिक्षित घरांतूनहि आढळतो. वस्तुतः १९१० च्या सुमारास अमेरिकेंत अशा मोटारी हजारोंनीं धांवत होत्या. आणि ती घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थाला आपल्या घरांत वीज कोणत्या जातीची येते, हें आधीं पाहावें लागे.

बॅटरी भरण्यास एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो. १८८२ सालीं एडिसननें न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून पुरविण्यास आरंभ केलेली वीज याच जातीची होती. ती ज्याच्या दारीं आली, त्याचें काम सोपें. शिशाच्या एकेका घटास भरतेवेळीं अडीच व्होल्टांच्या आसपास दाब लागतो. चाळीस घटांस शंभर. घरांत ११० व्होल्ट असतां मध्यें एक रोधक जोडला कीं भागे. परंतु वेस्टिंगहाऊसनें पुरस्कारिलेली, क्षणोक्षणीं दिशा बदलणारी वीज दूरवर स्वस्तांत नेतां येई. म्हणून तीच सर्वत्र पसरत गेली. बॅटरीला मात्र ती निरुपयोगी! मग एका विद्युत्-यंत्रानें दुसरें जनित्र फिरवावयाचें, त्याला तेलपाणी करावयाचें आणि त्याची घरघर रात्रभर ऐकावयाची.

पीटर कूपर ह्युइट यानें १९०२ मध्यें यावर तोड काढली, ती पाऱ्याच्या रेक्टिफायरची. हवा काढून घेतलेला कांचेचा मोठा फुगा आणि त्याच्या तळाशीं पारा. फुगा किंचित् कलता केला कीं पाऱ्याची धार तुटून ठिणगी पडे. मग निळसर-हिरवा प्रकाश फांके आणि प्रवाह एकाच दिशेनें वाहूं लागे. जनरल इलेक्ट्रिक कंपनी हें साधन मोटारखान्यांसाठीं विकीत असे. पेट्रोलच्या मोटारी वर्षाला लाखांवर काढणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हिची स्वतःची मोटार १९१४ ची, विजेवर चालणारी ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ होती, हें गमतीचेंच. मात्र भरत आलेल्या बॅटरींतून हायड्रोजन वायु सुटे. म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागे व उघडा दिवा वर्ज्य असे.

१९१२ त कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला, हँडल मारण्याचे कष्ट संपले आणि विजेची मोटार हळूहळू मागें पडली.

आज ती परतली आहे, पण रेक्टिफायरची जागा बदलून. घरीं भरतांना लागणारा रेक्टिफायर आतां मोटारीच्या पोटांतच असतो. भिंतीवरच्या ज्या डब्याला चार्जर म्हणतात, तो खरें पाहतां किती प्रवाह घ्यावा हें मोटारीला कळविणारा एक सुरक्षित स्विच आहे. आपल्याकडील २३० व्होल्टांच्या घरांत १६ अँपियरच्या सॉकेटवर सुमारें ३.३ किलोवॅट मिळतात. ३० युनिटांची बॅटरी भरण्यास नऊ-दहा तास. ३२ अँपियरचा डबा ७.४ किलोवॅट देतो खरा. परंतु मोटारींतला रेक्टिफायरच ३.३ चा असेल, तर अधिक पैसे मोजूनहि एक तास वांचत नाहीं. जुन्या इमारतींत तर डब्याच्याहि आधीं, मीटरपासून मोटारीच्या जागेपर्यंतची तार रात्रभर एवढा प्रवाह सोसेल कीं नाहीं आणि अर्थिंग खरोखर जमिनींत पोंचलें आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून पाहून घ्यावें लागतें.