कॅमेऱ्याने मालाची ओळख

दुकानातील वस्तू कॅमेऱ्यातून ओळखून तिची माहिती मोबाइलच्या पडद्यावर त्या वस्तूलगत दाखवण्याचे तंत्र. ओळखण्याचे काम संगणकीय दृष्टीचे, दाखवण्याचे ऑगमेंटेड रिॲलिटीचे. डेव्हिड लो यांच्या 1999 च्या सिफ्ट पद्धतीत चित्रांतले ठळक बिंदू जुळवले जात. 2012 च्या अलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कनंतर असंख्य चित्रांवर शिकवलेली अशी नेटवर्क्स पुढे आली. 2018 मध्ये सिएटल येथे ‘ॲमेझॉन गो’ हे गल्ला नसलेले दुकान ग्राहकांना खुले झाले आणि या तंत्राचे साध्य तेच, असा समज पसरला. पण बेळगाव-निपाणी सीमाभागातील किराणा दुकानात गल्ल्यावर दुकानदार असतोच. तेथे या तंत्राचा खरा उपयोग बिल करण्यापेक्षा वेष्टन वाचून देण्यात आहे.

आवेष्टित वस्तूंविषयीच्या 2011 च्या वैधमापन नियमांप्रमाणे सक्तीचा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत चालतो. अन्य भाषा ऐच्छिक आहे. त्यामुळे केवळ मराठी किंवा कन्नड वाचणाऱ्याला पुड्यावरचे बारीक इंग्रजी निरुपयोगी ठरते. तो मजकूर पडद्यावर त्याच्या भाषेत उमटवता येतो. पण ओळख चुकली, तर माहिती भलत्याच मालाची मिळते. निपाणीचेच पाहा: ही विडी-तंबाखूची जुनी पेठ. 1 एप्रिल 2016 पासून तंबाखूच्या वेष्टनाच्या मुख्य दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा आरोग्यविषयक इशाऱ्यासाठी राखलेला आहे. साहजिकच निरनिराळ्या छापांची विडीबंडले बरीचशी सारखी दिसतात आणि छाप ओळखायला थोडीच जागा उरते. एकाच बिस्किटाच्या लहान-मोठ्या पुड्यांतही रंगचित्र तेच, वजन तेवढे वेगळे. म्हणून चित्रावरून संभाव्य नावे काढावीत आणि निवाडा छापील अक्षरांवर सोडावा.

बारकोड असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. 1974 पासून दुकानांत वाचला जाणारा नेहमीचा बारकोड वस्तूचा क्रमांक सांगतो. भारतात नोंदलेले क्रमांक 890 ने सुरू होतात. मात्र हातातल्या पुड्याच्या उत्पादनाची तारीख त्यात नसते. ती वेष्टनावरच वाचावी लागते. तेव्हा बारकोड आणि कॅमेरा परस्परपूरक होत. सुट्या मालाविषयीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. बेळगावचा कुंदा रंगरूपावरून ओळखता येईल. तो कधी केला आणि किती गोड, हे कॅमेऱ्याला कळणार नाही. अशा वेळी अंदाज माहितीच्या थाटात दाखवणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. जे छापील आहे ते ग्राहकाच्या भाषेत सांगणारे आणि जिथे खात्री नाही तिथे तसे स्पष्ट म्हणणारे उपकरणच या भागात उपयोगी ठरेल.