बेस गिटार, विद्युत (घरगुती बांधणी)

विद्युत बेस गिटार : खर्जाचे सूर देणारे, चार जाड तारांचे, भरीव लाकडी अंगाचे पडद्यांचे तंतुवाद्य. तारा जाडीकडून बारीकीकडे ई, ए, डी, जी अशा लावतात. त्यांची कंपने सेकंदाला अनुक्रमे 41.2, 55, 73.4 आणि 98 असतात, म्हणजे साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून बरोबर एक सप्तक खाली. या वाद्यात ध्वनिपेटी नसते. तारेच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर पिकअप करतो आणि आवाज अॅम्प्लिफायरमधून येतो. पोकळ, पातळ फळ्यांची पेटी वाकवून जोडायची नसल्याने सुतारकामाचा हात बसलेल्या माणसाला हे वाद्य घरी बांधता येते. अंगाचा आकार, लाकूड आणि रंग यांत बांधणाऱ्याला पूर्ण मोकळीक आहे. तारेची लांबी, पडद्यांच्या जागा आणि दांडीचा ताठपणा यांत मात्र अजिबात नाही.

पूर्वेतिहास : अमेरिकेतील सिएटल येथे पॉल टुटमार्क यांनी 1936 च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स 736’ हे आडवे धरून वाजवायचे, पडद्यांचे विद्युत बेस वाद्य विकायला आणले. त्याचा फारसा प्रसार झाला नाही. लिओ फेंडर यांचा ‘प्रिसिजन बेस’ 1951 मध्ये आला आणि उभ्या डबल बेसची जागा या वाद्याने घ्यायला सुरुवात केली. डबल बेसवर पडदे नसल्याने सुराची जागा बोटाने शोधावी लागे. इथे ती पडद्याने पक्की केली. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बेस गिटारवादन प्रसिद्ध आहे. घरगुती बांधणीचे जगातले सर्वांत नावाजलेले उदाहरण बेसचे नसून गिटारचे आहे. ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे ब्रायन मे यांनी 1963 पासून वडिलांच्या मदतीने बांधलेल्या ‘रेड स्पेशल’ची दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे आणि तिच्या घोडीत मोटारसायकलच्या स्प्रिंगा आहेत.

मराठी मुलखातील जवळची परंपरा : मिरजेचे सतार-तानपुऱ्याचे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. लोखंडाची नजर आणि हाताची सफाई त्यांनी वाद्याकडे वळवली. मिरजेची सतार आणि तानपुरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विद्युत वाद्याच्या दृष्टीने त्याहून जवळचा नातलग म्हणजे मुंबई-कोकणातल्या मिरवणुकांतील बेंजो. 1912 मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झालेले ताईशोगोतो भारतात बुलबुल तरंग म्हणून रुळले. त्याला पिकअप जोडून बेंजो पार्ट्यांनी ते रस्त्यावर आणले. टाइपरायटरसारख्या पट्ट्या दाबून बेंजोची तार जिथे अडते, त्या जागांचे गणित बेस गिटारच्या पडद्यांचेच आहे.

बुऱ्हाणपूर परिसरातील साहित्य : बांधणीचे साहित्य आसपास कसे मिळते, याचे उदाहरण म्हणून मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर घेऊ. हे तापीकाठचे शहर 15 ऑगस्ट 2003 रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या या भागात मराठी सर्रास कानावर पडते. सातपुड्याच्या उतारांवरील पानझडी जंगलात साग, अंजन, सालई, धावडा ही झाडे आहेत. अंगासाठी साग चालतो. तो टिकाऊ आहे, उन्हापावसात फारसा वेडावाकडा होत नाही. पण घनमीटरला साधारण 650 किलो वजनामुळे वाद्य खांद्याला जड होते. म्हणून आतून पोकळ्या कोराव्यात किंवा तूणसारखे हलके लाकूड घ्यावे. पडदे बसवण्याच्या पट्टीला शिसव उत्तम. निमाड-खानदेशातला अंजन त्याहूनही जड व कठीण असतो आणि करवतीची धार लवकर घालवतो. लाकूड घेताना वनविभागाचा डेपो किंवा परवानाधारक सॉ मिल यांची पावती आणि वाहतूक परवाना घ्यावा. चोरट्या तोडीचे लाकूड स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई हा सर्वांत चांगला पर्याय. ती अनेक पावसाळे पाहून पूर्ण वाळलेली असते. रंधा मारण्यापूर्वी मात्र तिच्यातले खिळे एकूणएक काढावेत. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे जोड चिकटवण्याआधी पृष्ठभाग ताजा रंधून थिनरने पुसला नाही तर सरस धरत नाही.

मापे : पूर्ण लांबीच्या बेसमध्ये नटपासून (खुंट्यांकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत तारेचे मोकळे अंतर 864 मिलिमीटर असते. लहान बांधणीत ते 762 ठेवतात. बोटे कमी ताणावी लागतात, पण ई तार काहीशी ढिली वाटते. पडद्यांची जागा काढण्यासाठी उरलेली लांबी दर वेळी 17.817 ने भागतात. 864 ला भागले की पहिला पडदा नटपासून 48.5 मिलिमीटरवर येतो. पुढे दुसरा 94.3, तिसरा 137.5, पाचवा 216.7, सातवा 287.4 आणि बारावा बरोबर मध्यावर, 432 वर. प्रत्येक माप नटपासूनच घ्यावे. एका पडद्यापासून दुसऱ्याचे माप घेत गेल्यास अर्ध्या मिलिमीटरची चूक साठत जाऊन वरच्या सप्तकात सूर फाटतो. खाचा गुण्याला लावून, पडद्याच्या तारेला लागेल तेवढ्याच रुंदीच्या, साधारण 0.6 मिलिमीटरच्या करवतीने पाडतात. खाच रुंद झाली तर पडदा हातोडीने बसवला तरी सैल राहतो आणि उन्हाळ्यात वर येतो.

दांडी : चार तारांचा एकत्रित ताण साधारण 70 ते 80 किलो असतो आणि तो दिवसरात्र दांडीला पुढे वाकवू पाहतो. म्हणून दांडीत पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, बसवतात. तिचा नट किल्लीने फिरवून वाक कमी-जास्त करता येतो. मे महिन्यातली कोरडी तलखी आणि श्रावणातली दमट हवा या दोहोंना तोंड देणाऱ्या बुऱ्हाणपुरात ही सळई गाळणे परवडत नाही. दांडीचे लाकूड सरळ रेषांचे, गाठ नसलेले घ्यावे. दोन-तीन पट्ट्या रेषा उलटसुलट ठेवून चिकटवल्या तर दांडी पिळली जात नाही. पहिल्या पडद्याजवळ तिची जाडी 21 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. तारा लावल्यावर दांडी अगदी सपाट नको. सातव्या-आठव्या पडद्याजवळ 0.3 मिलिमीटर इतकी खोल असावी, म्हणजे जाड तारेला झुलायला जागा मिळते.

पिकअप : चुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळलेली कॉइल. वर पोलादाची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि कॉइलमध्ये त्याच कंपनाची वीज तयार होते. पितळेची तार चुंबकाला दाद देत नाही, म्हणून तानपुऱ्याची खर्जाची तार इथे मुकी राहते; पोलाद किंवा निकेल गुंडाळलेल्या पोलादाच्याच तारा लागतात. एका कॉइलला सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे 46 गेजच्या, इनॅमल तारेचे साधारण 10,000 फेरे देतात. बुऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या गावात मोटर वाइंडिंगची दुकाने असतात आणि पंख्याची कॉइल गुंडाळणाऱ्याकडे हाताने फिरवायचे, फेरे मोजणारे मशीन मिळते. मात्र त्याच्याकडची नेहमीची तार जाड असते. ही केसाएवढी तार वेगळी मागवावी लागते आणि जरा जोर लागला की तुटते. ती चिमटीतून फेल्टच्या तुकड्यामधून सोडावी, हाताने ओढू नये.

गुणगुण आणि अर्थिंग : आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. ई तारेवरचा तिसरा पडदा दाबल्यावर येणारा जी सूर 49 हर्ट्झचा. म्हणजे ट्यूबलाइट, पंखे आणि शेजारच्या मागांच्या मोटरींमधून येणारी गुणगुण थेट बेसच्या सुरांमध्ये येऊन बसते. ती गाळायला टोन कंट्रोल पुरा पडत नाही, कारण तोच सूर वाद्यालाही हवा असतो. उपाय दोन. पहिला, पिकअप आणि बटणांच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवून ती, तसेच घोडी, अर्थच्या तारेला जोडणे. दुसरा, दोन कॉइली उलट दिशेला गुंडाळून त्यांची चुंबके उलटी बसवणे. गुणगुण एकमेकींत मरते आणि तारेचा आवाज टिकतो. फेंडरने 1957 मध्ये प्रिसिजन बेसला दोन तुकड्यांचा पिकअप देऊन हेच केले. अर्थची तार तारांपर्यंत येत असल्याने अॅम्प्लिफायर नेहमी तीन पिनांच्या, खरे अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच चालवावा. बिघडलेल्या अॅम्प्लिफायरला अर्थिंग नसेल तर वाजवणाऱ्याच्या हातातल्या तारांत करंट येऊ शकतो.

जुळणी व तपासणी : खुंट्या, ट्रस रॉड, पडद्यांची तार आणि तारांचा संच विकत घ्यावा, अंग, दांडी आणि हौस असेल तर पिकअप घरी करावा. तारांची जाडी साधारणतः 1.14, 1.65, 2.16 आणि 2.67 मिलिमीटर असते. बाराव्या पडद्यावर तारेची उंची 2 ते 2.5 मिलिमीटर ठेवतात. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढून तारेची झणझण मुद्दाम जागवतात. बेसवर तीच झणझण पडदा उंच-सखल असल्याची खूण आहे आणि ती कानसेने काढावी लागते. घोडीची शेवटची जागा कानानेच ठरते. बाराव्या पडद्यावर तार अलगद स्पर्शून सोडल्यावर येणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर एकच हवा. दाबलेला सूर चढा आला तर घोडीचा खोगीर (तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्यायचा, उतरता आला तर पुढे. जाड तार दाबताना जास्त ताणली जाते, त्यामुळे ई तारेचा खोगीर जी तारेच्या खोगीराहून काही मिलिमीटर मागेच राहतो. ही तपासणी चारही तारांवर साधली, तर अंग तुळईचे असो की बाजारातल्या ठोकळ्याचे, वाद्य सुरात आहे. ती साधली नाही, तर चूक बहुधा पडद्यांच्या मापात असते आणि ती पॉलिशने झाकता येत नाही.